विनामूल्य प्राग

ऐतिहासिक नगरीचे दर्शन घेणे हा मूलतः पैशाचा प्रश्न आहे, ही गोष्ट प्रवासवर्णने लिहिणाऱ्या मंडळींनी वाचकांपासून आजवर मोठ्या कसोशीने लपवून ठेवलेली आहे. त्यांच्या ग्रंथांतला प्रवासी कोणत्याही राजवाड्यात सरळ शिरतो, दालनामागून दालने न्याहाळतो, एखाद्या गवाक्षापाशी उभा राहून साम्राज्यांच्या उदयास्ताविषयी दोन परिच्छेद चिंतन करतो आणि प्रसन्न चित्ताने बाहेर येतो. दाराशी तिकिटांची खिडकी होती, तिच्यापुढे रांग होती, आणि तिकिटाचा आकडा वाचल्यावर त्याच्या चिंतनाला काही वेगळीच दिशा लागली होती, याचा उल्लेख तो चुकूनही करीत नाही. विद्यार्थ्याला असले मौन परवडत नाही. शिष्यवृत्ती, आणि ती न मिळाल्यास बँकेचे कर्ज, एवढीच ज्याची जहागीर, त्याच्या लेखी युरोपातल्या कोणत्याही पुरातन शहराचे दोनच भाग पडतात: एक, ज्याला दाम मोजावे लागतात असा, आणि दुसरा, जो पाहण्यासारखा आहे असा.

आम्ही लाइपझिगच्या विद्यापीठात शिकत होतो, आणि पहिल्या सहलीसाठी प्रागची निवड झाली तिचे खरे कारण बसचे भाडे हे होते. तथापि विद्वानांच्या सहवासात राहणाऱ्या माणसाला आपल्या प्रत्येक कृतीस एखादे तात्त्विक अधिष्ठान जोडावे लागते, आणि तेही आम्हांला अनायासे सापडले. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३४८ साली प्रागला विद्यापीठ स्थापन केले. तेथील अध्यापक व विद्यार्थी यांचे चार 'राष्ट्रां'त वर्गीकरण केलेले असे आणि विद्यापीठाच्या कारभारात प्रत्येक राष्ट्राला एक मत असे. त्यामुळे स्थानिक बोहेमियन मंडळी आपल्याच घरात कायमची अल्पमतात. १४०९ साली राजा चौथा वेंसेस्लास याने कुटना होरा येथून फर्मान काढून हा हिशेब एका फटक्यात उलटा केला: बोहेमियनांना तीन मते आणि उरलेल्या तिन्ही राष्ट्रांना मिळून एक. हे गणित पाहताच जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी शेकड्यांनी प्राग सोडून चालते झाले, आणि त्यांच्यापैकी काहींनी त्याच वर्षी लाइपझिगला नवे विद्यापीठ थाटले. म्हणजे ज्या विद्यामंदिरात आम्ही ज्ञानार्जन करीत होतो ते एका मतदानातल्या रुसव्याचे फळ होते. महाराष्ट्रातल्या संस्थांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही; एका संस्थेच्या कार्यकारिणीतून तणतणत बाहेर पडलेल्या मंडळींनी समोरच्या आळीत दुसरी संस्था काढावी आणि पुढे दोहोंनी आपापले शतकमहोत्सव साजरे करावेत, हा आपल्याकडचा परिपाठच आहे. तेव्हा सहाशे वर्षांपूर्वी रागावून निघून आलेल्या मंडळींचे प्रतिनिधी या नात्याने, राग आता निवळला असल्याचे कळविण्याकरिता आम्ही प्रागला जात आहोत, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली.

स्वारीत आम्ही चौघे होतो आणि निघण्यापूर्वीच दरबारी रिवाजाप्रमाणे पदांची वाटणी झाली होती. सोलापूरकराकडे रोख रकमेची थैली, सबब तो पोतनीस. नागपूरकर प्रत्येक खर्चाची नोंद भ्रमणध्वनीवर तत्क्षणी करून रात्री प्रत्येकाचा देणेलेणे-तक्ता दाखवीत असे, सबब तो फडणीस. आणि तिसरा इसम, जो वाटेतील प्रत्येक दगडाचे छायाचित्र काढी व त्यात स्वतः उभा राही, तो ओघानेच वाकनीस. प्रस्तुत लेखकाकडे कोणतेच खाते नव्हते. त्यामुळे त्याला टीका करण्याची पूर्ण मोकळीक होती.

झेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी त्याने आपले कोरुना हे नाणे सोडलेले नाही, आणि एका युरोला साधारण पंचवीस कोरुना मिळतात, ही माहिती पोतनिसाने पाठ करून ठेवली होती. ती पाठ असणे इष्टच, कारण गावच्या मध्यभागी पैसे बदलून देणाऱ्या कित्येक दुकानांवर 'दस्तुरी शून्य' असे हातभर अक्षरांत लिहिलेले असते, आणि त्याच फलकाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अंकांत जो भाव छापलेला असतो तो पाहिल्यावर दस्तुरी घेण्याची त्यांना गरज का पडत नाही याचा उलगडा होतो. पोतनिसाने अशा सर्व फलकांचे शेवटच्या ओळीपर्यंत पारायण केले. त्या सकाळी प्रागमध्ये इतक्या श्रद्धेने वाचला गेलेला दुसरा शिलालेख नसावा.

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी अलीकडे युरोपभर एक नवीन संस्था उदयाला आलेली आहे, ती म्हणजे विनामूल्य पदयात्रा. रंगीत छत्री उंच धरलेला एक उत्साही तरुण चौकात उभा असतो, दोन-तीन तास तो सांगेल त्या दिशेने चालावयाचे, आणि शेवटी तो आपल्या शिक्षणाविषयी, घरभाड्याविषयी व प्राग शहरातील वाढत्या महागाईविषयी अत्यंत हृद्य असे भाषण करतो, ज्यानंतर 'विनामूल्य' या शब्दाचा अर्थ श्रोत्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपविला जातो. त्या भाषणापूर्वी दहा मिनिटे समुदाय विरळ होऊ लागतो, हे दृश्य समाजशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे. आमच्या फडणिसाने याहून सुधारलेली पद्धत शोधून काढली: कोणत्याही एका छत्रीचे मांडलिकत्व न पत्करता सर्व छत्र्यांच्या सीमेवरून हिंडावे. हिच्यात काटकसर तर होतीच, पण इतिहासाच्या अभ्यासालाही ती फार उपकारक ठरली. कारण एकच गोष्ट तीन छत्र्यांखाली तीन प्रकारांनी ऐकू येऊ लागली.

पहिला मुक्काम अर्थातच जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरील घटिकायंत्र. १४१० सालचे हे यंत्र कादान गावच्या मिकुलाश नावाच्या कारागिराने घडविले, आणि त्यामागचे गणित प्राग विद्यापीठातल्या यान शिंडेल या ज्योतिर्विदाचे. परंतु कोणतीही छत्री हे सांगत नाही. ती सांगते हानुश नावाच्या उस्तादाची कथा, ज्याने असे यंत्र दुसऱ्या शहरासाठी पुन्हा घडवू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले. ही कथा खोटी आहे, आणि हा हानुश मुळात मिकुलाशनंतर कित्येक दशकांनी झाला. पण नगरपालिकेच्या सभासदांविषयी काहीही सांगितले तरी नागरिकांना ते खरे वाटते, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो. सकाळी नवापासून रात्री अकरापर्यंत दर ताशी या यंत्रात चलनवलन होते. तासाच्या ठोक्याला काही मिनिटे उरली की चौकात शेकडो हात भ्रमणध्वनीसह वर उठतात. मग अस्थिपंजररूपी मृत्यू घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित क्रमाने डोकावून जातात, शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो, आणि गर्दीतून 'झाले एवढेच?' या अर्थाचा एक सुस्कारा निरनिराळ्या भाषांत बाहेर पडतो. मात्र मृत्यू चलण्याची खूण करीत असता तबकडीच्या पलीकडच्या बाजूचा कृपण आपली थैली हलवीत नकारार्थी मान डोलावतो, त्याच्याकडे आमचा पोतनीस ज्या आत्मीयतेने पाहत होता ती आम्ही विसरणार नाही.

खरे पाहण्यासारखे आहे ते यंत्राच्या तबकडीत, आणि तिच्याकडे कोंबडा आरवल्यानंतर कोणी ढुंकून पाहत नाही. एकाच काट्याच्या आधाराने तेथे काळ अनेक प्रकारांनी मोजलेला आहे. एक आजचा मध्य-युरोपीय काळ. दुसरा जुना बोहेमियन, ज्याचे चोवीस तास सूर्यास्तापासून सुरू होतात. आणि तिसरा असा की ज्यात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या अवधीचे बारा समभाग पाडतात, त्यामुळे उन्हाळ्यात तास लांबतो आणि हिवाळ्यात आखडतो. दिवसाचे चार प्रहर मानणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा तिसरा प्रकार कोणी समजावून द्यावा लागला नसता. आम्हां विद्यार्थ्यांनाही तो तत्काळ पटला, कारण तो लागू झाल्यास डिसेंबरातले प्रत्येक व्याख्यान कायदेशीररीत्या तोकडे होईल.

समोरच टीनच्या देवळात टायको ब्राहे या थोर खगोलवेत्त्याची समाधी आहे. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या आश्रयाने तो १५९९ साली प्रागला आला, आणि १६०१ साली एका सरदाराकडील मेजवानीत, यजमानांच्या आधी मेजावरून उठणे शिष्टाचारास सोडून होईल म्हणून त्याने लघुशंका रोखून धरली, त्यातून उद्भवलेल्या व्याधीने अकरा दिवसांत त्याचे देहावसान झाले. ही हकीकत त्याचा सहकारी केप्लर याने नोंदविलेली आहे, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवणे भाग आहे. पुढे विषप्रयोगाचा संशय निघाला, थडगे उकरण्यात आले, पण पाऱ्याने मृत्यू झाला नाही असाच निर्वाळा तपासाअंती मिळाला. आता, प्रागमधील सार्वजनिक शौचकूपांत दर खेपेस दहा-वीस कोरुना पडतात, आणि चार माणसांच्या दिवसभराच्या खेपांचा गुणाकार करून पोतनिसाने सकाळीच या बाबीवर कडक निर्बंध घातले होते. समाधीच्या शिळेपाशी, जिच्यावर टायकोची चिलखत ल्यालेली आकृती कोरलेली आहे, आम्ही काही काळ मौन पाळून उभे राहिलो. बाहेर आल्याबरोबर पोतनिसाने, कोणी अर्ज न करता, सर्वांना चिल्लर वाटली.

तेथून चार्ल्सच्या पुलावर. १३५७ साली पायाभरणी झालेला, पाचशे सोळा मीटर लांबीचा आणि तीस पुतळ्यांचा हा पूल सदासर्वदा, सर्वांना, फुकट आहे, आणि म्हणून आमच्या मते प्रागमधील सर्वश्रेष्ठ वास्तू. चुना बळकट व्हावा म्हणून त्यात अंडी घातली होती, त्याकरिता राज्यातल्या गावोगावांहून अंडी मागविण्यात आली, आणि व्हेलव्हारी गावच्या इमानी रयतेने ती वाटेत फुटू नयेत म्हणून कडक उकडून पाठविली, अशी आख्यायिका आहे. खरे असो वा नसो, सरकारी हुकमाचे इतके तंतोतंत आणि इतके निरुपयोगी पालन ज्या गावाने केले त्या गावाविषयी आमच्या मनात अपार आदर आहे.

पुलावरील सर्वांत जुना पुतळा नेपोमुकच्या संत जॉनचा, १६८३ सालचा. १३९३ साली आमच्या त्या मतगणितवाल्या चौथ्या वेंसेस्लासच्याच हुकमाने या धर्माधिकाऱ्याला पुलावरून नदीत लोटण्यात आले. का, हे छत्रीवर अवलंबून आहे. पिवळ्या छत्रीखाली असे कळले की राणीने पापनिवेदनात काय सांगितले ते त्याने राजाला सांगितले नाही. लाल छत्रीच्या मते भानगड एका मठाच्या महंतपदाच्या नेमणुकीची होती. इतिहासकार याच बाजूचे आहेत, पण लाल छत्रीखाली श्रोते मोजकेच. हिरव्या छत्रीने कारणाच्या खोलात न शिरता एवढेच सांगितले की चौथऱ्यावरील कांस्यपटाला हात लावला की नशीब उघडते. परिणामी संताच्या पटाचा तो भाग लक्षावधी हातांनी घासून सोन्यासारखा झळकतो, आणि शेजारच्या पटावरील एक कुत्राही, ज्याचा या पुण्यकर्माशी संबंध नाही, कोठे हात लावावा याची खात्री नसलेल्या भाविकांनी तितकाच लखलखीत करून सोडलेला आहे. वाकनिसाने दोन्हींना हात लावला. परीक्षा जवळ आली होती.

भोजनाविषयी थोडक्यात. धुराड्याच्या आकाराचे, दालचिनी-साखरेत घोळलेले 'ट्रडेलनिक' नावाचे एक पक्वान्न पावलोपावली 'प्राचीन बोहेमियन' म्हणून विकले जाते. त्याची प्रागमधील प्राचीनता पाव शतकाच्या फारशी पलीकडे जात नाही. शाकाहारी माणसाला तेथे चीजचा तळलेला जाड तुकडा मिळतो, तो खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कशाची वासना राहत नाही. आम्ही सोलापूरच्या शेंगाचटणीवर निर्वाह केला.

आणि आता किल्ला. नदीपलीकडच्या टेकडीवर सुमारे सत्तर हजार चौरस मीटरांचा हा पसारा आहे, आणि त्यातील संत व्हायटसच्या मुख्य देवळाचे काम १३४४ साली सुरू होऊन १९२९ साली पुरे झाले, हे ऐकून बांधकाम खात्याविषयीची आमची कितीतरी जुनी तक्रार तेथल्या तेथे मागे घेण्यात आली. चौक आणि अंगणे विनामूल्य आहेत. जुन्या राजवाड्यात शिरावयाचे तर तिकीट. येथे आमच्यांत फूट पडली. फडणीस व वाकनीस यांनी ओळखपत्रे दाखवून सवलतीची तिकिटे काढली, आणि पोतनीस व प्रस्तुत लेखक यांनी तत्त्वनिष्ठ भूमिका घेऊन बाहेर राहणे पसंत केले. पहिल्या दोघांना आत जावयाचे होते ते एका खिडकीसाठी.

प्राग शहराची एक खास राजकीय परंपरा आहे: कारभाऱ्यांशी मतभेद झाला की त्यांना खिडकीतून बाहेर टाकणे. आपल्याकडे कडेलोट करावयाचा तर अपराध्याला टकमक टोकापर्यंत न्यावे लागे, पहारा लागे, वाट तुडवावी लागे. प्रागमध्ये ही सोय कचेरीतच होती. १४१९ साली धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांनी नव्या नगराच्या नगरभवनातून सभासदांना खाली फेकले आणि हुसपंथीयांच्या युद्धांना तोंड फुटले. मग २३ मे १६१८ रोजी प्रॉटेस्टंट सरदारांचा एक जमाव किल्ल्यातील दप्तरखान्यात घुसला, बादशहाचे स्लावाता आणि मार्टिनित्स हे दोन कॅथलिक कारभारी तेथे होते त्यांची उलटतपासणी घेतली, आणि निकाल लागताच दोघांनाही खिडकीबाहेर लोटले. दोघांच्या पाठोपाठ त्यांचा चिटणीस फिलिप फाब्रिसियस यालाही टाकण्यात आले. धोरण ठरविले वरिष्ठांनी, सह्या केल्या वरिष्ठांनी, आणि कारकुनाचे काम खलिता सुवाच्य अक्षरांत लिहिण्याचे. पण कारवाई झाली तेव्हा तो आपोआप अंतर्भूत झाला. सरकारी नोकरीचे इतके यथार्थ चित्र आम्ही दुसऱ्या कोणत्या इतिहासात पाहिलेले नाही.

सुमारे सत्तर फुटांवरून पडूनही तिघे जिवंत राहिले. कॅथलिकांनी सांगितले की देवमाता मेरीने त्यांना अलगद झेलले; प्रॉटेस्टंटांनी सांगितले की खाली उकिरडा होता. या दोन मतांचा समन्वय करण्याकरिता युरोपात तीस वर्षे युद्ध झाले. फाब्रिसियस मात्र धूळ झटकून उठला, थेट व्हिएन्नाला गेला, बादशहाला घडला वृत्तांत सादर केला, आणि त्याला पुढे सरदारकी मिळाली, तिचा किताब होता 'फॉन होहेनफाल', म्हणजे मराठीत सांगावयाचे तर 'श्रीमंत उंचपडीकर'. ज्या शहराने कारकुनाला असे वागविले त्याच शहरात तीनशे वर्षांनी काफ्का हा कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत अधिकारी होता, हा योगायोग मानावयास आम्ही तयार नाही.

पोतनीस आणि मी राजवाड्याच्या दक्षिणेला, तटाच्या कडेने पसरलेल्या बागेत उतरलो. ही बाग उन्हाळ्यात उघडी असते आणि तिला तिकीट नाही. तेथे, खिडक्यांच्या बरोबर खाली, स्लावाता आणि मार्टिनित्स जेथे पडले त्या जागा दाखविणारे दोन दगडी स्तंभ उभे आहेत. आम्ही त्यांच्या मध्ये हिरवळीकाठी बसून उरलेली चटणी संपविली आणि मान वर करून त्या उंचीचा अंदाज घेतला. ती खालूनच कळते. फडणीस आणि वाकनीस तासाभराने बाहेर आले. त्यांचा अहवाल असा की दालन साधे आहे, खिडकी ही खिडकीसारखीच आहे, गर्दी फार होती, आणि घोड्यावर बसून सरदार ज्या जिन्याने दरबारात झुंजी खेळावयास येत तो जिना मात्र पाहण्यासारखा आहे. तिकिटाची रक्कम देणेलेणे-तक्त्यात त्यांच्याच नावे पडली.

युद्धाचा शेवटही याच गावात झाला. १६४८ साली स्वीडिश फौजेने किल्ला आणि नदीची डावी बाजू काबीज केली, रुडॉल्फच्या संग्रहातील चित्रे गाड्या भरून नेली, पण तिला चार्ल्सचा पूल ओलांडता आला नाही; नागरिकांच्या बरोबरीने विद्यार्थ्यांनी तो अडवून धरला होता, आणि तेवढ्यात तहाची वार्ता आली. पुलाच्या दोन्ही टोकांना आजही विद्यार्थ्यांनी वाट अडविलेली असते. फक्त त्यांच्या हाती काठीला लावलेले भ्रमणध्वनी असतात.

एक बाब मात्र मनाला खटकते, आणि तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांला अगत्याचे वाटते. बागेतले स्तंभ दोन आहेत. पडली माणसे तीन. सरदारकी मिळाली तरी जागा दाखविणारा दगड कारकुनाच्या वाट्याला आलेला नाही. हा किल्ला आजही प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांचे कार्यालय आहे, तेव्हा अर्ज कोठे करावा हा प्रश्न उद्भवत नाही. मराठी मुलखात सेवेत असलेल्या व सेवानिवृत्त अशा कारकून, लेखनिक आणि चिटणीस बंधुभगिनींची संख्या थोडी नाही, आणि अर्जाचा मसुदा कसा करावा हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी प्रत्येकाने तिसऱ्या स्तंभाविषयी एकेक अर्ज, योग्य त्या मार्गाने, रीतसर पाठवावा, आणि त्याची एक प्रत दप्तरी ठेवावी.